सगळेच काम ‘तात्काळ’ असते तेव्हा

वाचकाचे पत्र

माननीय सर,

मी जिल्हा परिषदेच्या एका वाडीवरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ३९, नोकरीला १४ वर्षे झाली. शाळेचा पट ३१ असून वर्ग पहिली ते चौथी आहेत. माझे सहकारी गुरुजी जूनमध्ये बदलून गेले आणि त्यांच्या जागी अद्याप कोणी आलेले नाही, त्यामुळे चारही वर्ग आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्या एकटीकडे आहे. सकाळी उठल्यापासून फोन वाजत असतो. अमुक लिंक भरा, तमुक माहिती तात्काळ सादर करा, फोटो टाका, पाच वाजेपर्यंत न आल्यास आपणास जबाबदार धरले जाईल. रात्री अकराला मी लॅपटॉपवर यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती भरत असते आणि पहाटे चारला जाग येते ती तांदळाचा शिल्लक साठा जुळत नाही या विचाराने.

गेल्या आठवड्यात तिसरीतली एक मुलगी वही दाखवायला माझ्या टेबलापाशी आली. मी मोबाइलवर माहिती भरत होते. ‘थांब गं जरा’ असे मी तिला म्हणाले, किती वेळा ते आठवत नाही. मान वर केली तेव्हा शाळा सुटल्याची घंटा झाली होती, मुलगी दप्तर पाठीला लावून तिथेच उभी होती आणि वही तिने छातीशी धरली होती. त्या रात्री मी खूप रडले. पती म्हणतात, काम सगळ्यांनाच असते, तू फार मनाला लावून घेतेस. हल्ली छातीत धडधडते, चिडचिड होते, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. मी कमी पडते आहे का? नोकरी सोडावी का? की याला काही औषध असते?

— एक शिक्षिका

उत्तर

प्रिय बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण उरलेले दोन त्याच्याच पोटातून आलेले आहेत. तुम्ही कमी पडत नाही, तुमच्या शाळेत एक माणूस कमी आहे. हे मी तुमची समजूत काढण्यासाठी लिहीत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितलेले आहेत आणि प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास द्यावेत, त्यांत शिकवणे आणि शिकवण्याची तयारी दोन्ही यावी, असेही तिथेच लिहिलेले आहे. म्हणजे तुमच्या शाळेचा नुसता शिकवण्याचा हिशेबच दोन माणसांच्या ९० तासांचा आहे. त्यावर मुख्याध्यापकाचे दप्तर, पोषण आहार आणि रोजच्या लिंका. इतके सगळे एकटीच्या अंगावर घेऊन पहाटे चारला दचकून उठणाऱ्या बाईने स्वतःला नालायक ठरवावे, हे मला अजिबात पटत नाही.

मी स्वतः २२ वर्षे शिक्षक होतो आणि निवृत्तीपूर्वीची काही वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक, म्हणून काम केले, त्यामुळे तुम्हाला येणारे ते संदेश मी दोन्ही बाजूंनी ओळखतो. एक कबुली दिल्यावाचून पुढे लिहिणे योग्य होणार नाही. तालुक्याहून मला ‘सायंकाळी पाचपर्यंत’ असा निरोप आला, की मी माझ्या केंद्रातल्या शाळांना ‘दुपारी दोनपर्यंत’ असे कळवत असे, कारण दोनचे सांगितले तर चारपर्यंत माहिती गोळा होते हा माझा अनुभव होता. तालुक्याने जिल्ह्याच्या मुदतीतून स्वतःसाठी काही तास राखलेले असत आणि जिल्ह्याने त्याच्याही वरच्या मुदतीतून एखादा दिवस. वरून निघताना आठवड्याचे असलेले काम वाडीवर पोहोचेपर्यंत दोन तासांचे झालेले असे, आणि मधल्या प्रत्येकाला आपण शिस्तीने वागतो आहोत असेच वाटत असे. एकदा शिक्षण परिषदेत एका शिक्षिकेने उभे राहून विचारले, ‘सर, मागच्या मंगळवारी पाठवलेलीच माहिती आज पुन्हा का मागता?’ घरी जाऊन पाहिले तर मंगळवारी आलेली ती शीट मी उघडलेलीच नव्हती. त्या दिवशी मला जी लाज वाटली, तिचा उपयोग आज तुम्हाला व्हावा म्हणून हे सांगतो आहे. ‘तात्काळ’ या शब्दासह आदळलेले सगळे काम खरोखर तात्काळ नसते, आणि कोणते आहे हे ठरवण्याचा भारही तुम्ही एकटीने उचलायचा नसतो.

आता तुमच्या अवस्थेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेचे वर्णन दिले, ज्याला इंग्रजी वळणाने आपणही हल्ली बर्नआउट म्हणतो. त्या वर्गीकरणात तिला आजार म्हटलेले नाही, कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था म्हटलेले आहे, आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे शक्ती संपून गेल्याची भावना, दुसरी म्हणजे कामापासून मन उडणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि तिसरी म्हणजे आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटत राहणे. तुमच्या पत्रात पहिली आणि तिसरी मला स्पष्ट दिसतात. दुसरी दिसत नाही. मन उडालेल्या शिक्षकाला छातीशी धरलेली वही दिसत नाही, आणि दिसली तरी तो त्यासाठी रात्री रडत बसत नाही. तुम्ही अजून त्या कडेला पोहोचलेल्या नाही, पण त्या दिशेने चाललेल्या आहात, म्हणून हे पत्र तुम्ही आत्ता लिहिलेत ते बरे केलेत.

पहाटे चारच्या तांदळापासून सुरुवात करू, कारण तुमच्या झोपेवर तोच बसलेला आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेले काही प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. हातातले काम मध्येच थांबवले तर ते पूर्ण झालेल्या कामापेक्षा अधिक लक्षात राहते, असे त्यांना दिसले. पुढच्या काळात इतरांनी केलेल्या प्रयोगांत हे दर वेळी तितके ठामपणे दिसले नाही, परंतु ज्याच्या दप्तरात अर्धवट भरलेले रजिस्टर आहे त्याला ते पटवून द्यावे लागत नाही. मला अधिक उपयोगाचा वाटतो तो २०११ मधला अभ्यास, ज्यात असे दिसले की अपुरे काम पूर्ण झाले नाही तरी ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तर त्याचे मनात घोळणे पुष्कळ कमी होते. ‘कधीतरी साठा जुळवायचा आहे’ हा विचार पहाटे उठवतो. ‘शनिवारी शाळा सुटल्यावर साडेअकरा वाजता मदतनीस ताईंना थांबवून गोणी मोजायची’ असे लिहून ठेवलेले असेल, तर तोच विचार बहुधा झोपू देतो.

आणि साठा का जुळत नाही, याचाही मला अंदाज आहे. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य हे प्रमाण आहे, म्हणजे तुमचे ३१ च्या ३१ हजर असतील तर ३ किलो १०० ग्रॅम. तुम्ही रजिस्टरमध्ये हजेरीप्रमाणे ग्रॅमचा आकडा लिहिता, पण स्वयंपाकाच्या ताई तांदूळ घेतात ते डब्याने किंवा पातेलीने, आणि ती पातेली त्यांच्या अंदाजाने कधी शिगोशीग भरते तर कधी काठोकाठ. दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅमचा फरक पडला तरी महिन्याला चार किलोंच्या आसपास जातो. एकदा काट्यावर ती पातेली काठोकाठ भरून तोला, आलेले वजन तिच्यावर रंगाने लिहून ठेवा आणि गोणी आली त्याच दिवशी उतरवून घेण्यापूर्वी वजन करून कमी भरल्यास पावतीवर तसा शेरा मारा. मागची तूट लपवण्यासाठी आकडे फिरवू नका. जी तूट आज मोजून निघेल ती शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत इतिवृत्तात नोंदवा आणि वर कळवा. चार किलो तांदळाने कोणाची नोकरी जात नाही, लपवलेल्या चार किलोंनी मात्र माणसाची झोप जाते.

हाच न्याय बाकीच्या कामांना लावायचा आहे. शंभर पानी एक साधी वही घ्या आणि डोक्यात फिरणारे प्रत्येक काम, लहान असो वा मोठे, तिच्यात उतरवा. काम काय, कोणी मागितले, कोणत्या तारखेपर्यंत मागितले आणि तुम्ही ते केव्हा हातात घेणार, एवढेच लिहायचे. पहिल्या दिवशी ही यादी पाहून तुमच्या पोटात आणखी मोठा गोळा येईल, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या केंद्रातल्या एका गुरुजींनी अशी यादी केली तेव्हा ती ४३ कामांची भरली होती आणि ते घाबरून माझ्याकडे आले होते. आम्ही दोघे तासभर बसलो. त्यांतली ११ कामे मुदत उलटून गेलेली आणि पुन्हा कोणीही न विचारलेली निघाली, ९ कामे एकाच माहितीची वेगवेगळी रूपे निघाली आणि दोन कामे त्यांच्या शाळेला लागूच नव्हती. डोक्यात असताना प्रत्येक काम सारख्याच आवाजात ओरडत असते; कागदावर उतरल्यावर कोणाचा आवाज किती खरा ते कळते.

एकाच माहितीची वेगवेगळी रूपे, हे मी मुद्दाम लिहिले, कारण तुमचा सर्वांत जास्त वेळ तिथे जात असणार. इयत्तावार मुले-मुली, प्रवर्गनिहाय पट, आधार असलेली आणि नसलेली मुले, दिव्यांग मुले, खोल्या, स्वच्छतागृहे, पाण्याची सोय, विजेच्या मीटरचा क्रमांक, शाळेचा यू-डायस सांकेतांक, बँक खाते, शिक्षकाची सेवाविषयक माहिती. वर्षभर हेच पुन्हा पुन्हा मागितले जाते, फक्त रकान्यांचा क्रम बदलतो. या सगळ्याचे मिळून एक पान करा. मी त्याला शाळेची कुंडली म्हणत असे. ते करायला एक अख्खी दुपार जाईल, पण पुढे कोणतीही लिंक आली की शाळेत कपाटासमोर मांडी घालून रजिस्टरे उपसण्याची गरज पडणार नाही. दर महिन्याच्या अखेरीस हजेरीपट बंद करताना बदललेले आकडे त्या पानावर दुरुस्त करायचे आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवायचा. मुलांचे आधार क्रमांक मात्र त्या पानावर लिहू नका, ते नोंदवहीतच राहू द्यात.

फोनविषयी मी थोडा कडक बोलणार आहे. परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत तो कपाटात गेला पाहिजे, आवाज बंद करून. संदेश पाहण्याच्या वेळा तीन: शाळा भरण्यापूर्वी, मधल्या सुट्टीत मुले जेवून उठल्यावर आणि शाळा सुटल्यावर. तुम्हाला भीती वाटेल की मध्येच काही महत्त्वाचे आले तर काय होईल. खरोखर महत्त्वाचे असेल तर माणूस गटावर संदेश टाकत नाही, फोन करतो. घर पेटल्यावर कोणी लिंक पाठवत नसते. म्हणून केंद्रप्रमुखांचा फोन तेवढा वाजेल अशी सोय मोबाइलमध्ये करून ठेवा आणि त्यांना तसे आधी सांगा: ‘सर, वर्गावर असताना मी गट पाहत नाही, अगदी तातडीचे असेल तर कृपया फोन करावा.’ तुम्ही एकशिक्षकी शाळा चालवत असताना यावर कोणी आक्षेप घेईल असे मला वाटत नाही. घेतलाच तर तो लेखी मागा, म्हणजे बहुधा येणार नाही.

याच्या पुढची पायरी तुम्हाला सर्वांत अवघड जाईल, कारण आपल्याकडे चांगल्या शिक्षकाची खूण ‘न बोलता करून टाकतो’ अशी मानली जाते. तुमच्या संपूर्ण पत्रात मला एकही वाक्य असे सापडले नाही, की रिकाम्या पदाबद्दल तुम्ही कोणाला लेखी कळवले. तोंडी सांगितले असेल, सरांनी ‘बघू, वर विषय चालू आहे’ असे म्हटले असेल. परंतु कार्यालयाच्या दृष्टीने जे कागदावर नाही ते घडलेलेच नाही. उलट तुमची प्रत्येक माहिती वेळेवर जाते आहे, मुले जेवत आहेत, चाचण्या होत आहेत, त्यामुळे तुमची शाळा त्यांच्या यादीत ‘सुरळीत’ या रकान्यात बसलेली आहे. रात्री अकराला बसून तुम्ही जी माहिती भरता, तीच रिकामी जागा झाकून टाकते.

तेव्हा केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक पानाचे पत्र द्या. त्यात तक्रारीचा सूर नको आणि रडगाणेही नको. मी असे लिहिले असते: ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, या शाळेचा पट ३१ असून एक शिक्षकपद जून महिन्यापासून रिक्त आहे. सद्यःस्थितीत इयत्ता पहिली ते चौथीचे अध्यापन, मुख्याध्यापकपदाचा प्रभार व शालेय पोषण आहाराचे कामकाज मी एकटी पाहत आहे. विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान टाळण्याकरिता नियमित नियुक्ती होईपर्यंत कामगिरीवर एक शिक्षक मिळावा, ही विनंती.’ जावक क्रमांक टाका, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना द्या. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि पालकांनी तालुक्याला जाऊन विचारलेल्या प्रश्नाला शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नापेक्षा लवकर उत्तर मिळते, हे मी खुर्चीच्या पलीकडून पाहिलेले आहे. महिनाभरात काही झाले नाही तर पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. शिक्षक लगेच मिळेल असे वचन मी देऊ शकत नाही. मात्र पहिले पत्र गेल्या दिवसापासून रिकाम्या पदाचा भार तुमच्या एकटीच्या मनावरून उतरून एका फायलीत जाईल, आणि उद्या एखादी माहिती उशिरा गेली तर त्यामागचे कारण तुमच्याकडे तारखेसह असेल.

रोजच्या कामातही ‘मला जमणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘कोणते आधी?’ असे विचारण्याची सवय लावा. ‘सर, आज शाळा सुटल्यावर माझ्याकडे दीड तास आहे. आधार दुरुस्तीची यादी आणि चाचणीच्या गुणांची नोंद यांपैकी एकच होईल. आपण सांगाल ते आज करते, दुसरे परवा देते.’ असा संदेश मला केंद्रप्रमुख असताना आला असता तर मी चिडलो असतो का? पहिल्यांदा कदाचित थोडा चिडलो असतो. दुसऱ्यांदा मात्र मी स्वतःच वर फोन करून विचारले असते की यांतले खरे निकडीचे कोणते.

कायद्याची एक बाजूही तुम्हाला ठाऊक असलेली बरी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून अन्य अशैक्षणिक कामासाठी शिक्षकाला नेमता येत नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही २०२४ मध्ये शासन निर्णय काढून शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करून दिलेली आहे. तो मिळवून आपल्या फायलीला लावून ठेवा. पण या कलमाचा आधार घेऊन सगळेच नाकारता येईल अशा भ्रमात राहू नका. मतदार यादीचे काम तुमच्याकडे असेल तर ते अपवादात बसते. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इतकेच म्हटले आहे, की अशी कामे शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावीत, अध्यापनाच्या वेळेत सहसा देऊ नयेत. आणि चाचणीचे गुण किंवा यू-डायस यांना अशैक्षणिक म्हणत भांडण्यात तुमची शक्ती जाईल, ती आत्ता तुमच्याकडे शिल्लक नाही.

गावाची मदत घ्या, परंतु कशात घ्यायची आणि कशात नाही हे ठरवून घ्या. आहाराची चव पाहून नोंद करायला समितीतली एखादी माता येऊ शकते, परसबागेचे आणि पाण्याच्या टाकीचे एखादा पालक पाहू शकतो, गावातली बारावी झालेली मुलगी दुपारचा तासभर पहिलीच्या मुलांकडून वाचन करून घेऊ शकते. संगणकाचे काम मात्र शाळेचा पासवर्ड देऊन तालुक्याच्या एखाद्या ऑनलाइन सेंटरवाल्यावर सोपवू नका. थकलेल्या शिक्षकांनी हा सोपा मार्ग घेतलेला मी पाहिला आहे, आणि मुलांच्या जन्मतारखा चुकल्यावर तेच सगळे दुप्पट निस्तरताना त्यांना पाहिले आहे. चार वर्ग एकत्र कसे सांभाळावेत हे १४ वर्षे शिकवलेल्या बाईंना मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल, म्हणून त्यात जात नाही.

तुमच्या यजमानांविषयी दोन शब्द. ‘काम सगळ्यांनाच असते’ हे त्यांचे वाक्य कठोर आहे, पण मला वाटते त्यांना तुमचे काम दिसतच नाही, दिसतो तो फक्त लॅपटॉपसमोर बसलेला चेहरा. वर सांगितलेली वही एका रात्री त्यांच्या हातात द्या आणि वाचायला सांगा, काही समजावू नका. मग एकच नेमकी गोष्ट मागा. मदत करा, असे मोघम म्हटले की काहीच होत नाही. ‘सोमवार ते शुक्रवार रात्रीचे जेवण झाल्यावर ओटा आणि मुलांचे डबे तुमच्याकडे’ असे म्हटले की होते. आणि रात्री दहानंतर लॅपटॉप बंद. ज्या रात्री संकेतस्थळ गोल फिरत बसेल त्या रात्रीही बंद.

आता औषधाचा प्रश्न. छातीतली धडधड ताणाची असू शकते, पण ती ताणाचीच आहे असे तुम्ही आणि मी पत्रातून ठरवायचे नाही. या वयात रक्त कमी झाल्याने किंवा थायरॉईड बिघडल्यानेही धडधड, चिडचिड आणि थकवा येतो. येत्या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. शरीराचे कारण निघाले नाही आणि झोप न लागणे, रडू येणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांपलीकडे चालूच राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्यात कमीपणा मानू नका. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. फोनवर बोलणे सोपे वाटत असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. जगणे नको असे कधी क्षणभर जरी वाटले, तर त्या क्षणी वही नको, सल्ला सदर नको. घरातल्या माणसाला उठवून सांगा आणि तो क्रमांक लावा.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर रजा घ्या. ‘मी गेले तर शाळेला कुलूप लागेल’ असे तुम्ही म्हणाल, हे मला इथे बसून ऐकू येते आहे. तुम्ही आजारी असताना शाळेवर कोणाला पाठवायचे, हे पाहणे केंद्रप्रमुखांचे काम आहे. मी ते अनेकदा केलेले आहे, कुरकुरत का होईना. वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजेची तरतूद आहे, ती याचसाठी आहे.

नोकरी सोडण्याचा विचार मी मनातून काढून टाका असे म्हणणार नाही, तो फक्त पुढे ढकला. थकलेल्या माणसाने घेतलेला निर्णय बहुधा त्या थकव्यापासून पळण्यासाठी असतो आणि नंतर तो आयुष्याचा होऊन बसतो. पत्र द्या, तपासण्या करा, वही सुरू करा, उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण झोप घ्या, आणि जूनमध्ये दुसरे गुरुजी आल्यावरही शाळेचा रस्ता नकोसा वाटला, तर तेव्हा मला पुन्हा लिहा. तो वेगळा प्रश्न असेल आणि त्याचे उत्तरही वेगळे असेल.

राहिली ती वही. ती मुलगी किती वेळ उभी होती, तिने दप्तर कसे लावले होते, वही कशी धरली होती, हे सगळे तुम्ही लिहिलेत, पण त्या वहीत काय होते ते कुठेच लिहिले नाही. बहुधा तुम्ही ती अजून पाहिलेली नाही आणि आता तिला बोलवायचे कसे, या संकोचात दिवस चालले आहेत. उद्या फोन कपाटात ठेवल्यावर, हजेरी घेण्याच्याही आधी, तिला जवळ बोलवा, ‘त्या दिवशी मी तुला थांबवले आणि पाहायचे राहूनच गेले’ असे सांगा आणि वही मागा. तिने कदाचित ते पान फाडलेले असेल, किंवा ती ‘काही नाही बाई’ म्हणून मान हलवेल. तसे झाले तर तिला पुन्हा लिहायला सांगू नका, तिच्या शेजारी पाच मिनिटे बसा. बाकीचे तीस जण तोवर गोंधळ घालतील, तो घालू द्या.

तुमचा,
सदरलेखक